पद्मिनीत जिप्सीचं इंजिन बसलं, आता वायरिंगचं काय?

डोंबिवलीच्या एका तरुणाने विचारलंय. आजोबांची १९७६ची प्रीमियर पद्मिनी आहे. मूळ १०८९ सीसीचं इंजिन दोनदा बोअर करून झालं, आता त्यात जीव राहिलेला नाही. म्हणून जिप्सीचं १३०० सीसी एमपीएफआय (कार्ब्युरेटरऐवजी इंजेक्टरने पेट्रोल फवारणारं) इंजिन गिअरबॉक्ससकट आणलं. फॅब्रिकेटरने माउंटिंग, प्रोपेलर शाफ्ट, रेडिएटर सगळं बसवून दिलं. "आता फक्त वायरिंग राहिलंय काका. वायरमन म्हणतो दोन दिवसांत गाडी चालू करून देतो. कशाकडे लक्ष ठेवू?"

दोन दिवसांत गाडी चालू होईल, यात शंका नाही. मी स्वतः एका दिवसात केलेली आहे, आणि पुढचे चार महिने ती दर पंधरवड्याला टो होऊन परत येत होती. चालू होणं ही परीक्षाच नव्हे. जुलै महिना, वरून पाऊस, हेडलाइट चालू, वायपर चालू, रेडिएटरचा पंखा चालू, आणि तुम्ही हिंदमाताला सिग्नलवर अर्धा तास अडकलेले. तेव्हा इंजिन आयडलवर, म्हणजे पाय न देता मंद फिरताना, शांत उभं राहिलं पाहिजे. वायरिंग त्या अर्ध्या तासासाठी करायचं असतं.

मी बत्तीस वर्षं मुंबईत हेच काम करतोय. शिकलो टॅक्सीच्या गॅरेजात, म्हणजे पद्मिनीच्या डॅशबोर्डखाली उताणं पडूनच. ऑक्टोबर २०२३मध्ये शेवटची पद्मिनी टॅक्सी रस्त्यावरून उतरली, तोवर या गाडीची एकेक तार अंधारात हाताने ओळखायची सवय झाली होती. त्यामुळे सांगतो, पद्मिनीच्या मूळ इंजिनाला चालू राहायला एकच तार लागते. इग्निशन स्विचमधून कॉइलकडे जाणारी. पेट्रोलचा पंप इंजिनच्या कॅमवर चालतो, कार्ब्युरेटर हवेच्या ओढीवर, ठिणगी पॉइंटवर. बाकी सगळ्या तारा दिवे, हॉर्न आणि वायपरच्या. जिप्सीच्या इंजिनाला ईसीएम, म्हणजे इंजिनचा कॉम्प्युटर, लागतो, त्याला डझनावारी पिना, आणि त्यातल्या निम्म्या पिनांवर अशी माहिती येते की अर्ध्या व्होल्टचा फरक पडला तरी इंजिन वेडंवाकडं वागतं. म्हणून माझा एकच आग्रह असतो: नव्या इंजिनाचं वायरिंग नव्याचंच ठेवा, जुन्या गाडीचं जुन्याचंच ठेवा. दोघांची गाठ आठ-दहा तारांपुरतीच पडू द्या. जुन्या वायरिंगमधून "इथून एक करंट घेतो, तिथून एक घेतो" असं करणारा वायरमन कितीही हुशार असला तरी त्याला थांबवा.

पहिली गोष्ट, इंजिनासोबत काय काय मिळालंय ते बघा. कुर्ल्याच्या सीएसटी रोडवर किंवा कुठेही सुटं इंजिन घेतलं की बहुतेक वेळा हार्नेस, म्हणजे तारांचा गुंफलेला जुडगा, कात्रीने कापलेला असतो; कारण इंजिन लवकर उतरवायचं असतं. तुम्हाला इंजिनचा पूर्ण हार्नेस, ईसीएम, रिले (छोट्या करंटच्या इशाऱ्यावर मोठा करंट चालू-बंद करणारा स्विच) आणि फ्यूजचा डबा, आणि मीटरचा कपलर (तारा जोडायचं सॉकेट) हवाय. सगळं त्याच गाडीचं असेल तर उत्तम. कापलेला हार्नेस असेल तर तो जोडत बसण्यापेक्षा त्याच मॉडेलचा दुसरा अखंड हार्नेस शोधा, पैसे वसूल होतात. नव्या मारुती गाड्यांत इमोबिलायझर असतो. तिथे चावी, इमोबिलायझरचा डबा आणि ईसीएम हे तिघे एकमेकांना ओळखतात. एक जरी दुसऱ्या गाडीचा आला तरी सेल्फ फिरेल आणि इंजिन पेटणार नाही. तुमच्या इंजिनाच्या काळात हा त्रास सहसा नाही, पण ईसीएम कुठल्या गाडीतून आलाय ते विचारून घ्या. आणि कोणी बीएस-६ गाडीचं इंजिन सुचवलं असतं तर मी हात जोडले असते. त्यातला ईसीएम बाकीच्या डब्यांशी सतत बोलत असतो, पेडलसुद्धा तारेवर चालतं. तो संसार पद्मिनीत मांडायचा म्हणजे गाडीपेक्षा वायरिंग महाग.

आता इग्निशन स्विच. बहुतेक जण इथेच फसतात, म्हणून जरा थांबतो.

काही वर्षांपूर्वी माझ्याकडे एक जुनी फियाट आली होती, वर्साचं इंजिन बसवलेली. मालक वैतागलेला. सेल्फ मारला की इंजिन नुसतं फिरायचं, पेटायचं नाही. पण चावी सोडताना, त्या निमिषात, एकदा "फुस" करून पेटल्यासारखं व्हायचं. आधीच्या गॅरेजात क्रँक सेन्सर बदलला, प्लग बदलले, पेट्रोल पंप बदलला. मी ईसीएमच्या इग्निशनच्या तारेला टेस्ट लॅम्प लावला आणि पोराला म्हटलं, सेल्फ मार. चावी ऑन केली, लॅम्प लागला. सेल्फ फिरायला लागला, लॅम्प विझला. चावी सोडली, पुन्हा लागला. बस. जुन्या स्विचमध्ये काही टर्मिनल अशी असतात की सेल्फ मारताना त्यांचा करंट मुद्दाम तोडलेला असतो, बॅटरीचा सगळा जोर सेल्फला मिळावा म्हणून. हीटर, रेडिओ यांच्यासाठी ते ठीक. ईसीएमला मात्र नेमका त्याच वेळी करंट हवा असतो. तो इंजिन फिरतंय तेव्हा झोपलेला आणि चावी सोडली की जागा, असा प्रकार चालला होता.

त्यामुळे जोडणी करण्याआधी स्विचची प्रत्येक तार ऑन आणि स्टार्ट दोन्ही ठिकाणी तपासा. दोन्ही वेळी जिवंत राहणारी तार मिळाली तर ती घ्या. नाही मिळाली तर एका रिलेच्या कॉइलला ऑनची आणि स्टार्टची अशा दोन्ही तारा एकेका डायोडमधून (करंट एकाच दिशेने जाऊ देणारा भाग) द्या. १एन४००७ हा डायोड लॅमिंग्टन रोडवर चहापेक्षा स्वस्त मिळतो आणि रिलेची कॉइल जेमतेम दीड-दोनशे मिलिअँपिअर खाते, त्याला तो सहज पुरतो. डायोड नसतील तर ऑनचा करंट उलट्या वाटेने स्टार्टच्या तारेत शिरेल आणि चावी ऑन करताच सेल्फ फिरायला लागेल. हेही एकदा बघितलंय, गाडी गिअरमध्ये होती. पुढची भिंत गेली.

रिले लावायचं दुसरं कारण साधं आहे. पन्नास वर्षांच्या त्या स्विचच्या आतले पितळी संपर्क झिजलेले, काळे पडलेले असतात. त्यातून ईसीएम, इंजेक्टर, कॉइल, पंप सगळ्यांचा करंट नेलात तर स्विच गरम होतो आणि पलीकडे अकरा व्होल्टच पोचतात. स्विचने फक्त रिलेला इशारा द्यावा, खरा करंट बॅटरीकडून वेगळ्या फ्यूजमधून यावा.

इथेच मेन रिलेबद्दल. बऱ्याच ईसीएममध्ये मेन रिले स्वतः ईसीएम धरून ठेवतो. चावी बंद केली तरी काही सेकंद तो सुटत नाही. तेवढ्यात ईसीएम आयडलचा व्हॉल्व्ह पुढच्या स्टार्टसाठी जागेवर आणून ठेवतो. आपले लोक काय करतात, "रिले चावीवर डायरेक्ट" करून टाकतात. गाडी चालू होते. पण सकाळी आयडल कधी ७००, कधी १८००, आणि मग थ्रॉटल बॉडी साफ करण्याची फेरी सुरू. मूळ आकृतीत रिले जसा दाखवलाय तसाच ठेवा.

पेट्रोल पंपाचंही तसंच. ईसीएम चावी ऑन होताच दोन-तीन सेकंद पंप फिरवतो, लाइनमध्ये दाब भरतो आणि थांबतो. मग इंजिन फिरतंय असा सिग्नल आला तरच पुन्हा चालू करतो. पंप चावीवर डायरेक्ट केला तर अपघातात पाइप फुटला तरी पंप पेट्रोल ओततच राहील. मी याशिवाय एक इनर्शिया स्विचही टाकतो, धक्का बसला की पंपाचा करंट तोडणारा. आणि तार जाड घ्या. पंप मागे टाकीजवळ, रिले पुढे, मधे पाच मीटर तार. एक चौरस मिलिमीटरची तार घेतली तर सहा अँपिअरला अर्धा व्होल्ट वाटेतच मरतो. अडीचची घेतली तर जेमतेम पाव. परतीची अर्थिंगची तारही तितकीच जाड, टाकीच्या ब्रॅकेटवर भरवसा न ठेवता स्वतंत्र आणलेली. पंप कमी व्होल्टवर फिरला की दाब पडतो, चढावर गाडी दमते, आणि दोष इंजेक्टरला दिला जातो.

अर्थिंगवर तर मी तासभर बोलू शकतो. मुंबईची हवा खारट. पन्नास वर्षांत पद्मिनीच्या पत्र्याचे जोड आतून गंजलेले असतात, वरून डेंटरने पुट्टी आणि रंगाचे चार थर चढवलेले. त्यावर लग (तारेच्या टोकाची कडी) ठेवून स्क्रू आवळला म्हणजे अर्थिंग झालं असं नाही. बॅटरीच्या निगेटिव्हकडून एक जाड केबल थेट इंजिनच्या ब्लॉकवर, किमान २५ चौरस मिलिमीटर. दुसरी पट्टी ब्लॉकवरून बॉडीला. बॉडीवर जिथे लग येतो तिथे रंग खरवडून चकचकीत लोखंड दिसू द्या, दातेरी वॉशर टाका, आवळा, मग वरून पेट्रोलियम जेली चोपडा. ईसीएमच्या अर्थच्या तारा मूळ गाडीत इंजिनवर जिथे आवळल्या होत्या तिथेच ठेवा, सोयीसाठी डॅशबोर्डखालच्या पत्र्यावर आणू नका. सेन्सरची अर्थ ही तर ईसीएममधूनच जाते. तिला बॉडीशी जोडलंत की सगळे सेन्सर थोडं थोडं खोटं बोलायला लागतात.

तपासायची रीत सोपी. मल्टिमीटर वीस व्होल्टवर, एक टोक बॅटरीच्या निगेटिव्ह पोलवर (क्लॅम्पवर नाही, पोलवर), दुसरं ब्लॉकवर. सेल्फ मारा. ०.२ व्होल्टच्या आसपास दिसलं तर छान, अर्धा व्होल्ट दिसला तर काम परत करा. शिकाऊ असताना एका टॅक्सीची इंजिनची पट्टी मी बसवायला विसरलो होतो. इंजिन रबराच्या माउंटिंगवर, त्यामुळे सेल्फचा दीडशे अँपिअर करंट परतायला वाट शोधत होता. ती त्याला चोकच्या केबलमध्ये सापडली. ड्रायव्हरने चोक ओढला तेव्हा नॉब वितळून हाताला चिकटला. उस्तादाने मला कानफटात दिली नाही, फक्त ती जळकी केबल माझ्या खुंटीवर टांगून ठेवली, वर्षभर.

एक बरं, पद्मिनी, म्हणजे मूळची फियाट, निगेटिव्ह अर्थ (बॅटरीचं निगेटिव्ह टोक बॉडीला) आहे. हाच प्रश्न मॉरिस मायनरवाल्याने विचारला असता तर आधी सगळी गाडी पॉझिटिव्ह अर्थवरून उलटी करायला लागली असती.

चार्जिंगकडे येऊ. तुमच्या गाडीत अजून डायनमो आणि त्याचा कटआऊटचा (चार्जिंग सांभाळणारा) डबा असेल तर तो डबा पूर्ण बाहेर काढा, तारा टोकापासून सोडवून. नव्या आल्टरनेटरचा रेग्युलेटर आतच असतो, दोन मास्तर एका वर्गात नकोत. डायनमो वीस-पंचवीस अँपिअरचा होता. जुनी मुख्य तार तेवढ्याच हिशोबाची आहे. नवा आल्टरनेटर त्याच्या दुप्पट देतो. म्हणून त्याच्या बी टर्मिनलवरून बॅटरीपर्यंत नवी १० चौरस मिलिमीटरची तार, बॅटरीच्या टोकाला फ्यूजसह. ज्या जुन्या गाड्यांत अॅमीटर असतो तिथे सगळा करंट डॅशबोर्डवर जाऊन येतो. तिथे अॅमीटरला वगळून व्होल्टमीटर लावावा, नाहीतर ड्रायव्हरच्या गुडघ्यावर शेगडी.

डॅशबोर्डवरचा चार्जिंगचा लाल दिवा शोभेचा नाही. त्याच्यातून जाणारा थोडा करंट आल्टरनेटरला सुरुवातीला जागं करतो. तुम्ही हौसेने सगळे बल्ब एलईडी केलेत तर तेवढा करंट पोचत नाही, आणि एकदा जोरात रेस केल्याशिवाय चार्जिंग सुरूच होत नाही. तिथे साधा तीन वॉटचा बल्बच ठेवा.

फ्यूज किती अँपिअरचा, हे तारेच्या जाडीवर ठरतं. "पंप सहा अँपिअर खातो म्हणून दहाचा, उडाला तर पंधराचा, तरी उडाला तर वीसचा" ही आपल्या गल्लीची पद्धत आहे, आणि तिचा शेवट धुरात होतो. बॅटरीकडून निघणाऱ्या प्रत्येक तारेचा फ्यूज बॅटरीपासून वीतभर अंतरात हवा. फ्यूजच्या आधीच्या तुकड्याला वाली नसतो. पद्मिनीत मुळात गोळीफ्यूज मोजकेच. पत्र्याच्या क्लिपा सैल झालेल्या, फ्यूज न उडता क्लिपच तापते. जुना डबा दिव्यांसाठी राहू द्या, क्लिपा घासून घट्ट करा. इंजिनसाठी पातीच्या फ्यूजचा वेगळा, झाकणवाला डबा.

सेन्सरांपैकी दोन-तीन सांगतो, बाकीचे मूळ हार्नेस न कापल्यास आपोआप बरोबर येतात. क्रँक किंवा कॅमचा सेन्सर जाळीच्या तारेतून येतो. ती जाळी एकाच टोकाला, ईसीएमच्या बाजूला अर्थ असते. लांबी वाढवायची असेल तर तशीच जाळीची तार घ्या आणि आल्टरनेटरच्या केबलला चिकटून नेऊ नका. ऑक्सिजन सेन्सरच्या तारांना सोल्डरिंगचा डाग देऊ नका. बऱ्याच सेन्सरांना बाहेरची हवा तारेच्या आवरणातूनच आत जाते, झाळल्याने ती वाट बुजते. लांबी कमी पडली तर क्रिम्प करा, म्हणजे पकडीने दाबून जोडा. इंजिनच्या पाण्याच्या तापमानाचा ईसीएमचा सेन्सर आणि डॅशबोर्डच्या काट्याचा सेन्सर वेगवेगळे. एकाच सेन्सरवर दोघांना जोडलं की काटा हलतो खरा, पण ईसीएमला वाटतं इंजिन गार आहे आणि तो पेट्रोल ओततो. तुमच्या ईसीएमचा सेन्सर बरा आहे का ते घरीच बघा. गार असताना मल्टिमीटरवर सुमारे दोन-अडीच किलोओहम दाखवेल. मग उकळतं पाणी जरा निवलं की त्या पेल्यात त्याचं टोक बुडवा. ऐंशी अंशाच्या आसपास आकडा तीनशे ओहमच्या जवळ उतरलेला दिसेल. मधेच उडी मारत असेल तर फेकून द्या. पेला नंतर चहाला वापरू नका, घरात भांडण होतं.

आता तुमच्या गाडीचा खास पेच. जिप्सीच्या स्पीडोमीटरची केबल गिअरबॉक्सवरून निघत नाही, ट्रान्सफर केसवरून (पुढच्या-मागच्या चाकांना ताकद वाटणारा डबा) निघते. तुम्ही ट्रान्सफर केस काढून शाफ्ट सरळ मागे नेला असणार. पद्मिनीचा मूळ गिअरबॉक्सही गेला, म्हणजे तिच्या स्पीडोमीटरला केबल नाही आणि ईसीएमला गाडीच्या वेगाचा सिग्नल नाही. काहीजण म्हणतील, सोडून दे, चालते. चालते. पण मग ईसीएमला वाटतं गाडी उभीच आहे, आणि ब्रेक मारत सिग्नलला येताना इंजिन मध्येच दम तोडतं, चेक इंजिनचा दिवा लागतो. प्रोपेलर शाफ्टच्या फ्लँजवर लहान चुंबकं आणि समोर एक हॉल सेन्सर (चुंबक जवळून गेलं की पल्स देणारा) बसवून सिग्नल देता येतो. मूळ सेन्सर एका फेरीला किती पल्स द्यायचा ते आधी पक्कं करा, चुंबकं त्या हिशोबाने. डॅशवरच्या काट्यासाठी मात्र वेगळा इलेक्ट्रॉनिक स्पीडोमीटर घ्यावा लागेल.

चेक इंजिनचा दिवा आणि डायग्नोसिसचा कपलर दोन्ही जोडाच. "जुन्या डॅशवर तो दिवा शोभत नाही" म्हणून लोक वगळतात आणि मग बिघाड शोधायला माझ्याकडे येतात. ग्लोव्ह बॉक्सच्या आत लपवा, पण असू द्या.

ईसीएमची जागा. पद्मिनीत पावसाचं पाणी काचेच्या जुन्या रबरातून आत येतं आणि डॅशबोर्डखालून पायापाशी उतरतं. कुठल्या बाजूने येतं ते आधी काचेवर नळी सोडून बघा. मग दुसऱ्या बाजूला, गुडघ्याच्या वर, कपलरचं तोंड खाली करून ईसीएम बसवा. तारा कपलरच्या खाली थोडा झोल देऊन मग वर न्या, म्हणजे थेंब झोलावरून गळतील, कपलरमध्ये शिरणार नाहीत. पायापाशी, कार्पेटखाली बसवलेले ईसीएम मी २६ जुलै २००५नंतर पोत्याने फेकलेत. त्या दिवशी सांताक्रूझला ९४४ मिलिमीटर पाऊस झाला होता, तिथे तसंही काही वाचलं नसतं. पण दर पावसाळ्यात मिलन सबवेला साचतं तेवढ्या पाण्यात तरी ईसीएम कोरडा राहिला पाहिजे.

तार घरगुती वापराची नको. तिचं आवरण बॉनेटखालच्या उष्णतेत कडक होऊन तडकतं. गाडीचीच, १०५ अंश सोसणारी तार घ्या. जोड शक्यतो क्रिम्पिंगचे, चांगल्या पकडीने, वरून आतून गोंद असलेली स्लीव्ह. नुसता पीळ देऊन काळी पीव्हीसी टेप गुंडाळलेला जोड मे महिन्यात चिकट होऊन उघडा पडतो. हार्नेसवर कापडी टेप आणि कोरुगेटेड पाइप. आणि रंगांवर विश्वास ठेवू नका. पन्नास वर्षांत चार वायरमननी ज्या रंगाचं भेंडोळं हाताशी होतं ते वापरलेलं असतं. प्रत्येक तार मीटरने तपासून तिच्यावर नंबराची पट्टी लावा.

फॅब्रिकेटरचं काही वेल्डिंग राहिलं असेल, सायलेन्सरचा ब्रॅकेट वगैरे, तर ते आत्ताच उरकून घ्या. नंतर करायची वेळ आली तर बॅटरीच्या दोन्ही केबल आणि ईसीएमचे कपलर काढल्याशिवाय वेल्डिंगचा होल्डर गाडीला लागू देऊ नका. चांगला चालणारा ईसीएम मी असाच एका टाक्यात मेलेला बघितलाय, आणि वेल्डर म्हणत होता, मी तर मागच्या बंपरला काम करत होतो.

पहिल्यांदा करंट देताना ईसीएम काढलेला असू द्या. रिकाम्या कपलरवर पिनेनुसार तपासा: कुठे बारा व्होल्ट कायम, कुठे चावीनंतर, कुठे अर्थ. मग इंजिनच्या मुख्य फ्यूजच्या जागी २१ वॉटचा बल्ब लावून चावी ऑन करा. कुठे शॉर्ट असेल तर बल्ब ढणढण पेटेल आणि तार वाचेल. मंद लागला किंवा नाही लागला तर बल्ब काढा, फ्यूज टाका, ईसीएम जोडा. पंपाचा दोन-तीन सेकंदांचा आवाज ऐकू आला की निम्मी लढाई जिंकली.

ही गाडी रविवारीच निघणार असेल तर एक हिशोब करा. जुन्या पद्मिनीत चावी काढली की जवळपास काहीच करंट जात नव्हता. आता ईसीएमची आठवण, नवीन म्युझिक सिस्टिम, अलार्म मिळून ५० मिलिअँपिअर धरला तरी दिवसाला १.२ अँपिअर-तास जातात. ३५ची बॅटरी महिन्याभरात रिकामी. कटऑफ स्विच लावलात तर आयडल दर वेळी नव्याने शिकायला ईसीएमला थोडी मिनिटं लागतील, घाबरू नका.

कागदांबद्दल थोडक्यात, कारण तो माझा प्रांत नाही. इंजिन बदलणं हा मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२मधला बदल आहे. आरटीओची मंजुरी आणि आरसीवर नवा इंजिन नंबर नसेल तर पुनर्नोंदणीला गाडी अडकते, आणि विमा कंपनी दावा नाकारायला मोकळी. सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी २०१९मध्ये मूळ रचनेत बदल करण्यावर कडक भूमिका घेतल्यापासून मंजुरी सहज मिळत नाही. शिवाय २०२१च्या नियमांनुसार पन्नास वर्षांपुढची, मूळ स्वरूपातली गाडी व्हिंटेज म्हणून नोंदवता येते. तुमची पद्मिनी त्या वयाची आहे, आणि जिप्सीच्या इंजिनाने तो दरवाजा बंद होतो. त्यामुळे जुनं इंजिन भंगारात देऊ नका. तेल भरून, प्लगची भोकं बंद करून, प्लास्टिकमध्ये गुंडाळून ठेवा. नवं वायरिंग वेगळंच ठेवलंत तर ते एका दिवसात उतरेल आणि आजोबांची गाडी होती तशी उभी राहील.

वायरमनला दोन दिवसांऐवजी आठ-दहा दिवस द्या आणि त्याच्या मजुरीत घासाघीस करू नका. ईसीएमवरच्या स्टिकरचा आणि कपलरच्या तोंडाचा स्वच्छ फोटो काढून पाठवा, पिना मोजता येतील असा. पिनांचा नकाशा जुळतो का ते बघून सांगतो.